टिटवी पाय वर करून झोपते

माणसानं घडवलेलं पहिलं जिवंत विमान ज्या दिवशी पाण्यावरून आकाशात झेपावेल, त्या दिवशी सृष्टीच्या इतिहासात नवा अध्याय सुरू होईल आणि तो कोयनेच्या बॅकवॉटरवरच्या करंजवडे गावात सुरू होईल, याबद्दल हेमंत टिपणीसांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. फक्त तो दिवस आजचा नव्हता. आज वारा जरा पश्चिमेचा होता. शिवाय उजव्या पंखावरच्या कुरडया अजून ओल्या होत्या.

कालही वाराच होता. परवा नव्हता, पण तो अजिबात कसा नाही या काळजीत सकाळ निघून गेली. उड्डाणाची परवानगी दिवाळीतच हातात आली होती आणि आता चैत्र सरत आला होता. तेवढ्या काळात टिटवी पाण्यावरून तळ्यातल्या बदकासारखी रोज पळाली, पण पाणी सोडून वीतभरही वर गेली नाही.

टिटवी हे विमानाचं नाव. जमिनीवर चालणारं, पाण्याकाठी राहणारं आणि वेळ आली तर उडणारं, म्हणून केतकीनं ठेवलेलं. हेमंतचा आग्रह 'गरुड'साठी होता. पण गरुड पाण्यात बसलेला कुणी पाहिला आहे का, असं तिनं विचारलं आणि विषय संपला.

दोघांनी मिळून ते बांधायला घेतलं तेव्हा साताऱ्यातल्या नातेवाइकांनी एकमेकांना फोन करून काळजी वाटून घेतली होती. हेमंत टिपणीस जन्मभर विमा सर्वेक्षक होता. मोडलेल्या गाड्या, जळलेली गोदामं, बुडालेल्या होड्या पाहायच्या आणि नुकसान किती ते ठरवायचं. कुठलीही धड वस्तू समोर आली की ती कशी मोडेल हे त्याला आधी दिसायचं. केतकी शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाल्यावर दोघांनीही बारामतीच्या बाजूला जाऊन विमान चालवण्याचं शिक्षण घेतलं. लेखी परीक्षेत हेमंत पहिला आला. प्रत्यक्ष उड्डाणात मात्र तो प्रशिक्षकाला इंजिन बंद पडलं तर काय, शेपूट तुटली तर काय असं इतकं विचारू लागला, की शेवटी प्रशिक्षकच म्हणाला, "काका, तुम्ही खाली थांबा." परवाना केतकीला मिळाला.

बांधकामाची वाटणी आपोआप झाली. पोट हेमंतचं, पंख केतकीचे. साच्यावर फायबरचं कापड अंथरायचं, राळ ओतायची आणि आतला हवेचा बुडबुडान्‌बुडबुडा लाटून बाहेर काढायचा. त्यासाठीचा खाचांचा रोलर मागवला, तो आलाच नाही. तेव्हा केतकीनं पापडाचं खाचांचं लाटणं काढलं, आणि दोन्ही पंख पापडाच्या लाटण्यावर झाले. हात खाजायचे, केसांत राळ बसायची. एका दिवाळीत तर तिनं केस कानाच्या वर कापून टाकले.

राळ साधी नव्हती. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत कृत्रिम सांधे बनवणाऱ्यांच्या हाती ती लागली होती आणि तिला ते अस्थिराळ म्हणत. हाडाचा एक जुना नियम आहे. जिथं भार पडतो तिथं हाड भरतं, जिथं पडत नाही तिथलं शरीर काढून घेतं. म्हणून डावखुऱ्या गोलंदाजाचं डाव्या दंडाचं हाड जाड होतं, आणि अंतराळात महिनोन्‌महिने तरंगलेल्या माणसाची हाडं परत येईपर्यंत भुसभुशीत झालेली असतात. अस्थिराळेत केसापेक्षा बारीक नळ्यांचं जाळं असतं. कापड ताणलं किंवा दाबलं गेलं की तिथं किंचित वीज तयार होते. वीज जिथं जास्त, तिथं नळ्यांतला क्षार थिजून बसतो आणि जाडी वाढते. वीज जिथं नाही, तिथला बसलेला क्षारही विरघळून दुसरीकडे वाहू लागतो. आठवड्यातून एकदा शेपटीखालच्या तोटीला क्षाराची पिशवी टांगली की झालं. गावात त्याला 'टिटवीला सलाईन लावणं' म्हणत.

फायदा उघड होता. तडा गेला तर आपोआप भरून यायचा, विमान जसं वापराल तसं मजबूत व्हायचं. सोबतच्या पुस्तिकेत एक वाक्य ठळक छापलं होतं: पहिली काही वर्षं हे यंत्राचं बालपण असतं; त्या काळात त्याच्याकडून जे करून घ्याल, तेच ते होईल. हेमंतनं त्याखाली रेघ मारली, केतकीनं ते पाठ केलं. ते आपल्याला उद्देशून आहे असं मात्र दोघांनाही वाटलं नाही. मुलीच्या वेळीही वाटलं नव्हतं, आणि ती आता जर्मनीत पाव भाजते.

तर हेमंत रोज चाचणी घ्यायचा. टिटवीला चाकांवर उताराउतारानं पाण्यात न्यायचं, चाकं वर घ्यायची, पलीकडच्या धक्क्यापर्यंत पळवायचं आणि परत आणायचं. मग गोड्या पाण्यानं धुवायचं, चाकांना ग्रीस भरायचं, तळाची बुचं उघडून आत शिरलेलं पाणी काढायचं. पाण्यावर तो वाघ होता. केतकी शेजारच्या खुर्चीत पट्टा बांधून बसायची आणि दर फेरीला विचारायची, "आज?" तो वाऱ्याकडे बघायचा.

गावाची लाँच गणपतीपासून दुरुस्तीला गेली होती. कुठं गेली होती हे कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. पलीकडे तालुक्याचा रस्ता, दवाखाना, बाजार. लाँच नसेल तर घाटानं वळसा घालून जायचं, त्यात अर्धा दिवस जायचा. आणि इथं एक माणूस रोज रिकामा पलीकडे जाऊन रिकामा परत येत होता. करंजवड्यात अशा माणसाला लोक वेडा म्हणत नाहीत, 'येता का' म्हणतात.

पहिल्यांदा हौसाबाई ढेबे आली. तिच्याबरोबर शेळी होती. "सायेब, तुम्ही जाताच हाय न्हवं तिकडं," ती म्हणाली. हेमंतला नाही म्हणता आलं नाही. केतकीनं आपली खुर्ची हौसाबाईला दिली, शेळी मागच्या सामानाच्या जागेत गेली, आणि केतकी काठावर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला, मग गॅसचे सिलिंडर, मग वऱ्हाडातली माणसं एकेक करून. सरपंच स्वप्नील सपकाळ आला तो बसण्याआधी टिटवीच्या नाकावर नारळ फोडून मोकळा झाला. मग दर शनिवारी नारळ फुटू लागला. हेमंतनं त्याची नोंद 'आघातचाचणी' अशी केली.

केतकीला चालकाच्या खुर्चीत बसायला मिळेना आणि शेजारच्याही मिळेना. तिनं चैत्रात कुरडया घातल्या.

मे महिन्यात विमान खात्याकडून वार्षिक तपासणीला नाझनीन मुल्ला आल्या. तरुण, शांत, पाठीवर यंत्राची पेटी. त्यांनी पोटाखाली सरपटत जाऊन जाडी मोजली, पुन्हा मोजली, बाहेर येऊन यंत्र झटकलं आणि तिसऱ्यांदा आत गेल्या.

"इथं चार ठिकाणी टेंगळं आहेत. छोटी छोटी. इथं काय असायचं?"

"शेळी," हेमंत म्हणाला.

मुल्ला मॅडमनी ते लिहून घेतलं. नाकावर सुपारीएवढी गाठ होती, तिच्याबद्दल विचारलं, नारळ असं उत्तर मिळालं, तेही लिहून घेतलं. मग त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही लाँच आहे, सर. उत्तम लाँच आहे. पण मी विमान तपासायला आले होते."

पंखांची गोष्ट त्याहून चमत्कारिक निघाली. उडताना हवा पंखाला खालून उचलते. इथं पंखांनी सगळं शहाणपण उलटं शिकलं होतं. वरून ठेवलेलं वजन तोलायला ते घट्ट झाले होते आणि खालून उचलणारं बळ पेलायची सोय त्यांनी विरघळवून टाकली होती.

"यांच्यावर वरून काही ठेवत होता का?"

हेमंतनं केतकीकडे बघितलं. शेवटी केतकी म्हणाली, "कुरडया. मग पापड, मग सांडगे. आणि खालचं कापड उडू नये म्हणून दगड."

"गच्ची म्हणून मी पास करीन," मुल्ला मॅडम म्हणाल्या. त्या विनोद करत आहेत की नाहीत हे चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

पुढं आणखी गुंता होता. घरी बांधलेल्या विमानाचं निम्म्याहून जास्त काम मालकानं स्वतःच्या हातानं केलेलं असावं, असा नियम. टिटवीतला निम्म्याहून जास्त भाग आता टिटवीनं स्वतः केला होता. मग निर्माता कोण? मुल्ला मॅडमनी वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठ म्हणाले, नियम बघा. नियमात लिहिलं होतं, शंका असल्यास वरिष्ठांना विचारा. त्यांनी फोन खिशात ठेवला, चहा घेतला आणि उपाय सांगितला. विमान उलटं करा, पोट वर, चाकं वर. मग जमिनीकडे ओढणारं वजन पंखांना उचलणाऱ्या हवेसारखं वाटेल. पंखांवर वाळूची पोती ठेवा. वर्षभर पाण्याचं नाव काढू नका, वाळवणाचंही. पंख पुन्हा पंख होतील.

"आणि वर्षाच्या आत नाही का?" केतकीनं विचारलं.

"हाड आहे, मॅडम. घाई करत नाही."

केतकीच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं नुकतंच निघालं होतं. परवान्यासाठी तपासणाऱ्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी सही करतो, त्यापुढचं मला विचारू नका. म्हणजे हिशोब बरोबर जुळत होता, पण तो कुणीतरी मुद्दाम छळायला जुळवल्यासारखा होता.

मुल्ला मॅडम गेल्यावर दोघं पाण्याच्या काठी बसले. केतकी पाइपानं चाकं धूत राहिली. ती धुतलेली होती.

"तू वाऱ्याला घाबरत नाहीस," ती म्हणाली.

हेमंतनं तरी वाऱ्याकडे बघितलं.

"परवाना तुझ्याकडे असता तर दिवाळीतच उडाला असतास. घाबरत घाबरत, पण उडाला असतास."

हेमंतनं धुतलेल्या चाकावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मोडलेल्या प्रत्येक गाडीमागं कुणीतरी मागं उरलेलं असायचं. मी कागद पुढं करायचो, ते सही करायचे. मला ती सही करायची नाही."

"आणि मी? रिकामे पंख बघवेनात म्हणून त्यांच्यावर कुरडया घातल्या. तू त्या सहीपासून वाचायला निघालास आणि शेळीला रोज फिरवून आणलंस."

हेमंतनं पाइप तिच्या हातातून घेतला आणि नळ बंद केला. दुसऱ्या दिवशी त्यानं गावाला सांगितलं, की आजपासून फेरी बंद.

आयुष्यात पहिल्यांदाच तो नाही म्हणाला होता आणि ते त्याला नीट जमलं नाही. तो कारणं देत बसला. क्षार, वीज, पंखांचं बालपण. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग उद्या किती वाजता?" तरी टिटवी उलटी करायला सगळे आले. दोर, बांबू, जुने टायर. ज्यांना ज्यांना हेमंतनं पलीकडं नेलं होतं त्यांनीच तिला पाठीवर उताणं घातलं, दगडी खांबांवर टेकवलं आणि पंखांवर वाळूची पोती चढवली. सपकाळनं दोनदा विचारलं, की गाडी पंक्चर झाली तर चाक काढतात, गाडी उलटी करतात का? हौसाबाईला मात्र काहीच नवल वाटलं नाही. चाकं आभाळाकडे करून पडलेल्या विमानाकडे बघून ती म्हणाली, "टिटवी झोपती ती पाय वर करूनच. आभाळ पडलं तर झेलाया."

फेरी बंद झाल्याचा अर्थ गावानं असा घेतला, की आता लाँच येणार. कारण एक सोय गेली की दुसरी येते, असं सरकारचं असावं. तेव्हा लोक काठावर येऊन लाँचची वाट बघू लागले. काठावर सावली एकच होती, टिटवीच्या पंखांची.

हेमंत आधी धास्तावला. पण लोक पंखांखाली बसत, वर कुणी चढत नव्हतं. पिशव्या अडकवायला त्यांनी पंखांना दोर बांधले. मग हौसाबाईच्या सुनेनं पाळणा टांगला. केतकीनं कागदावर बाण काढून बघितले आणि तिचा चेहरा उजळला. उलट्या पंखाला खाली ओढणारं प्रत्येक वजन म्हणजे उडत्या पंखाला वर उचलणारी हवा. बाजाराच्या पिशव्या, दुधाच्या किटल्या, दप्तरं, एक बाळ. सगळं गाव नकळत टिटवीला उडायला शिकवत होतं. ती रोज संध्याकाळी पंखांवर टिचकी मारून आवाज ऐकायची आणि हेमंतला हाक मारायची, "ऐक, भरलाय." त्याला कालची आणि आजची टिचकी सारखीच ऐकू यायची, पण तो 'हो' म्हणायचा. आपण नक्की कशावर हो म्हणतोय हे त्याला कळत नव्हतं. पंख भरत होते म्हणून आनंद व्हायचा, आणि पंख भरत होते म्हणूनच तो रात्री उठून वारा बघायचा.

पावसाळ्यात तर पंखांखाली बसायला जागा पुरेना. तिथं पत्ते रंगले, एक लग्न जमलं, एक मोडलं. गणपतीच्या सुमारास सपकाळनं टिटवीच्या कुशीवर निळ्या रंगात ठळक अक्षरं काढून घेतली: प्रवासी निवारा, करंजवडे. शेजारी एका नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा. हेमंतनं विचारलं तर सपकाळ म्हणाला, "साहेब, निवारा झाला असं वर कळवलंय. आता लाँच देणं त्यांना भागच आहे."

मे महिन्यात मुल्ला मॅडम पुन्हा आल्या. पंखांवर यंत्र फिरवताना त्यांनी पहिल्यांदा भुवया उंचावल्या. इतके चांगले पंख त्यांनी खात्यात कधी पाहिले नव्हते. मग पोटाकडे वळल्या आणि थांबल्या. वर्षभर पाण्याचा मार नाही, शेळी नाही, नारळ नाही. पोट पापडासारखं झालं होतं. नाकावरची गाठ नाहीशी झाली होती. आता पोट जाड करायचं तर पाण्यात घालायला हवं, आणि पाण्यात घातलं तर फुटणार.

"मग हे आता काय आहे?" हेमंतनं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"जमिनीवरचं विमान. पाण्याजवळ नेऊ नका. जमिनीवरून जा, जमिनीवर या." निर्मात्याचं नाव मात्र अजून अडलेलंच होतं. मुल्ला मॅडम पंखाला टांगलेल्या पाळण्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी त्या जागी लिहिलं, 'करंजवडे ग्रामस्थ', आणि पेटी बंद केली.

उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की गाळपेराची लांब सपाट पट्टी उघडी पडते. तिथले दगड आणि शेण गावानंच उचललं. एका सकाळी टिटवीला सुलटी करून पट्टीच्या टोकाला आणली. कुशीवरची अक्षरं आता उलटी झाली होती, पण ती पुसायला वेळ नव्हता.

केतकी आत बसली, पट्टा बांधला. शेजारची खुर्ची रिकामी होती. पहिल्या उड्डाणात चालकाखेरीज कुणी असायचं नाही असा नियम होता, आणि त्या नियमाचा हेमंतला कुठं आधार वाटला तर कुठं राग आला. तो पंखाचं टोक धरून उभा राहिला. पंख सरळ राहावा म्हणून पहिली काही पावलं टोक धरून पळायचं असतं. मग सोडायचं असतं, हे त्याला माहीत होतं.

"वारा कसाय?" केतकीनं विचारलं.

हेमंतनं बघितलं. वारा पश्चिमेचा होता, चांगलाच होता. "वारा नाही," तो म्हणाला.

ती हसली. इंजिन घुमलं, टिटवी पळू लागली, तो टोक धरून पळाला, धापा टाकत पळाला, आणि हात कधी सुटला ते त्याला कळलं नाही. चाकं गाळावरून उसळली, खाली टेकली, पुन्हा उसळली आणि टेकली नाहीत. टिटवी क्षणभर डावीकडे कलली, उजवीकडे कलली, जणू वर कुठलं आणि खाली कुठलं हे आठवत होती. मग सरळ झाली आणि पाण्यावरून मोठं वळण घेत वर गेली. तिच्या कुशीवर उलट्या अक्षरांत 'प्रवासी निवारा' लखलखत होतं. हेमंत गाळात गुडघे टेकून बघत होता. तो रडत होता की उन्हानं डोळ्यांत पाणी येत होतं, हे त्याला स्वतःलाही ठरवता येईना.

त्यानं मागं वळून बघितलं. इतिहासात नवा अध्याय सुरू झाला होता आणि काठावर, नेहमीच्या जागी, डोक्यावर पिशव्या धरून माणसं उन्हात उभी होती. वर कुणी बघत नव्हतं. सगळे हेमंतकडे बघत होते.

"साहेब," सपकाळ म्हणाला, "बाई किती वेळ फिरणार? माणसं उन्हात हायेत."

केतकीनं तीन फेऱ्या मारल्या आणि चाकं अलगद टेकवली. ती उतरली तेव्हा तिचे केस उभे राहिले होते आणि ती वीस वर्षांनी लहान दिसत होती. हेमंतनं तिचा हात धरला, सोडलाच नाही, आणि कसं वाटलं असं विचारलं.

ती जरा विचारात पडली. "पंख फार चांगले आहेत," ती म्हणाली. "फक्त सगळा वेळ मला वाटत होतं, की ते खाली कुणीतरी येऊन बसायची वाट बघतायत."

निर्माते ग्रामस्थच असल्यानं पुढची चर्चा लांबली नाही. दोर आले, बांबू आले, जुने टायर आले. संध्याकाळच्या आत टिटवी पुन्हा पाय वर करून खांबांवर टेकवली गेली आणि कुणीतरी पहिली पिशवी अडकवली.

लाँच त्या दिवशीही आली नाही.